मांडीवरचा लॅबिरिंथ: आई आणि मावशीसाठी घेतलेली लाकडी पाटी

पाटी गोल आहे, जेवणाच्या ताटाएवढी. लाकडात बोट फिरेल अशी खाच कोरून लॅबिरिंथ काढलाय, म्हणजे शांतपणे चालायची वळणावळणाची वाट. वाट एकच. कडेनं आत शिरायचं, वळणं घेत मध्यावर पोचायचं, त्याच वाटेनं बाहेर यायचं. कुठे फाटा नाही, त्यामुळे चुकायची भीती नाही. घरी सुतारकाम करणाऱ्या एका बाईंकडून ऑनलाइन मागवली, ६० डॉलरच्या आत मिळाली.

आई व्हीलचेअरवर असते. मावशीला काचबिंदू आहे, कडेचं काही दिसत नाही. दोघींना बरोबर घेऊन लॅबिरिंथ चालायचा तर काय काय आडवं येतं, ते मला या दोघींमुळेच कळलं.

सॅन फ्रान्सिस्कोत ग्रेस कॅथेड्रलच्या अंगणात १९९५ पासून टेराझोचा लॅबिरिंथ आहे. टेराझो म्हणजे आपल्याकडच्या जुन्या घरांतली मोझॅइक फरशी. कुठल्याही धर्माच्या माणसानं यावं, फुकट चालावं. नमुना फ्रान्समधल्या शार्त्र कॅथेड्रलचा, ११ फेऱ्यांचा, म्हणजे मध्याभोवती वाटेची ११ कडी. मूळ शार्त्रची वाट जेमतेम ३४ सेंटीमीटर रुंद आहे आणि व्हीलचेअर वळवायला साधारण दीड मीटरचा गोल लागतो. म्हणजे खुर्ची शेजारच्या दोन-तीन वाटांवर जाणारच. पण फरशी सपाट आणि रेघा फक्त रंगाच्या असल्या की चाक कुठेच अडत नाही. आईची अख्खी फेरी झाली. समोरून येणारे बाजूला होत होते, हसून पुढे जात होते. (कॅथेड्रल नॉब हिल टेकडीवर आहे, तिचा चढ खडा आहे. खुर्ची असेल तर बिनपायऱ्यांची वाट आधी फोन करून विचारा.)

हीच सपाटी मावशीच्या मात्र काही कामाची नाही. आमच्या घराजवळच्या बागेत रंगानं आखलेला लॅबिरिंथ आहे. तिथे तिला रेघ दिसेना आणि पांढऱ्या काठीलाही लागेना. "तू ताईला फिरवून आण, मी बसते इथे," म्हणाली. ते मला फार लागलं. चाकाला सपाटी हवी, काठीला उंचवटा हवा. एका जमिनीवर दोन्ही साधणं सोपं नाही, म्हणून ही पाटी.

आणि बोटानं चालणं ही काही आजची तडजोड नाही. इटलीत लुक्काच्या कॅथेड्रलच्या दाराशी, खांबावर सुमारे अर्ध्या मीटरचा लॅबिरिंथ मध्ययुगापासून कोरलेला आहे. त्याच्या मधली आकृती लोकांची बोटं फिरूनच झिजली असं सांगतात.

आता पाटीबद्दल. खाच खोल आहे, कडा छान घासलेल्या आहेत, कुठे कुसळ लागत नाही. मावशी डोळे मिटून बोट फिरवते आणि प्रत्येक वळणावर थोडी थांबते. आईचा हात थरथरतो, पण खाचेच्या दोन्ही भिंतींमुळे बोट वाटेबाहेर जात नाही. हे मला अपेक्षित नव्हतं आणि याच एका गोष्टीसाठी मी ही पाटी कुणालाही घ्यायला सांगेन.

उणिवा आहेत. खाच अरुंद आहे. संधिवातानं सुजलेलं बोट तिच्यात बसत नाही, मग आई पेन्सिलीचं मागचं टोक धरते. आत शिरायची जागा हाताला कळत नाही. मी तिथे खड्याची टिकली चिकटवलीय, मावशीला ती लगेच सापडते. ही खूण मुळातच कोरलेली असायला हवी, बनवणाऱ्या बाईंना मी तसं कळवलंय. मांडीवर पाटी सरकते, खाली रबरी जाळीची चटई घ्या. घेताना फेऱ्या कमी असलेलीच निवडा. सात फेऱ्या पुरतात. तेवढ्याच आकारात अकरा बसवल्या की खाच आणखी बारीक होते.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी जागतिक लॅबिरिंथ दिन असतो. ठिकठिकाणचे लोक आपापल्या घड्याळात दुपारी १ वाजता चालतात. त्या दिवशी मावशी बागेतल्या बाकावर पाटी घेऊन बसली आणि आमच्याबरोबरच निघाली. तिची वाट आमच्याआधी संपली, मग तिनं दुसरी फेरी सुरू केली. तेवढ्यात वॉकर घेऊन आलेल्या एक आजी तिच्या शेजारी बसल्या आणि पाटी मागू लागल्या. लॅबिरिंथ चालण्याचे कार्यक्रम ठेवणाऱ्यांनी अशा तीन-चार पाट्या प्रवेशापाशीच ठेवाव्यात, बाकासकट. आम्ही दुसरी मागवलीय, या वेळी रुंद खाचेची.