‘हाडे व सांधे’ तपासणी पॅकेज : रक्त उत्तम घेतले, अहवाल मात्र मुका

सासऱ्यांची पाठ आणि बरगड्या दोन-तीन महिने दुखत होत्या, कूस बदलताना किंवा खोकताना तर कळ असह्य होई, म्हणून एका मोठ्या साखळी प्रयोगशाळेचे हे पॅकेज आम्ही घरपोच घेतले. रक्त घ्यायला आलेल्या मुलाचा हात हलका होता, नळ्यांवरची नावे त्याने आमच्यासमोर पडताळली आणि अहवाल त्याच संध्याकाळी मोबाइलवर आला. इथवर नाव ठेवायला जागा नाही.

तक्रार आहे ती अहवालाविषयी. हिमोग्लोबिन 9.1, ईएसआर (शरीरातला दाह सुचवणारी चाचणी) 118, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा घटक) 1.7, एकूण प्रथिने 10.2 आणि अल्ब्युमिन 3.1 हे आकडे चार निरनिराळ्या पानांवर ठळक छापलेले होते. पॅथॉलॉजिस्टच्या शेऱ्याच्या जागी ‘डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’ एवढेच, आणि शेवटच्या पानावर ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची रंगीत जाहिरात. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी 10.2 मधून 3.1 वजा करून कडेला पेनाने 7.1 लिहिले. हे ग्लोब्युलिन, म्हणजे अल्ब्युमिन सोडून उरलेली प्रथिने, जे साधारण साडेतीनच्या आत असायला हवे. मूत्रपिंडाला धोका नको म्हणून त्यांनी वेदनाशामक गोळ्या त्याच क्षणी थांबवल्या आणि सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातली प्रथिने वेगवेगळी करून पाहणारी तपासणी, लिहून दिली. तीत ‘एम बँड’, म्हणजे एकाच प्रकारच्या असामान्य प्रथिनाचा पट्टा, निघाला. पुढे अस्थिमज्जेच्या तपासणीत मल्टिपल मायलोमा, म्हणजे प्लाझ्मा पेशींचा (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) रक्तकर्करोग, निश्चित झाला.

या आजारात मज्जेतल्या प्लाझ्मा पेशी बेसुमार वाढतात, हाडे आतून पोखरली जातात, रक्त कमी होते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. हाडाचा बराच भाग झिजेपर्यंत साध्या एक्स-रेत काही दिसेलच असे नाही, त्यामुळे दुखणे ‘वयोमानाचे’ ठरून जाते. उतारवयातल्या अशा हट्टी दुखण्यासाठीच विकल्या जाणाऱ्या पॅकेजमध्ये युरिक ॲसिड आणि आरए फॅक्टर या सांधेदुखीच्या तपासण्या आहेत, पण इलेक्ट्रोफोरेसिस नाही, हे मला अनाकलनीय वाटते. ग्राहक सेवेचे उत्तर असे की निदान करणे हे प्रयोगशाळेचे काम नव्हे. मान्य, पण इतकी वाढलेली प्रथिने पाहून एक ओळीचा शेरा लिहिणे किंवा एक फोन करणे हे निदान नव्हे.

पाचपैकी दोन तारे. हेच पॅकेज घ्यायचे असल्यास इलेक्ट्रोफोरेसिस आणि पॅथॉलॉजिस्टच्या शेऱ्यासह पेरिफेरल स्मिअर (सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशींची तपासणी) नोंदणी करतानाच वेगळे मागून घ्यावेत; घेतलेल्या नमुन्यावर या तपासण्या नंतर करून देण्यास आम्हाला नकार मिळाला आणि सासऱ्यांना पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली.