दातांच्या फटीत जाणारा ब्रश: हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर घ्यावाच

निपाणी, चिकोडी, खानापूर भागात मशेरी लावली की दात स्वच्छ झाले, असं आजही अनेक घरांत मानतात. पण तंबाखूमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. आतून रोग वाढत असतो आणि रक्त मात्र येत नाही. शिवाय मशेरीचं बोट काय किंवा साधा ब्रश काय, दोन दातांच्या फटीत पोहोचत नाही, आणि हिरड्यांचा रोग बहुधा तिथूनच सुरू होतो. बारीक तारेचा इंटरडेंटल ब्रश नेमका तिथे जातो.

हिरडी सुटली की दाताभोवती खिसा होतो. 3 मि.मी.पर्यंत ठीक. त्याहून खोल गेला की त्यातले जंतू आणि सुजेची रसायनं रक्तात उतरतात, सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारं रक्तातलं प्रथिन, वाढतं. धमन्यांत साचलेल्या थरांतही हिरड्यांचे जंतू सापडले आहेत. तरी अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2012 मध्ये स्पष्ट सांगितलं होतं की संबंध दिसतो, पण हिरड्यांच्या उपचाराने हार्ट अटॅक टळतो याला पुरावा नाही. ब्रशच्या पाकिटावर तसा दावा असेल तर ते पाकीट घेऊ नका.

खरी चूक होते ती मापात. टेपे कंपनीच्या ब्रशची तार गुलाबी रंगात 0.4 मि.मी., नारिंगीत 0.45, लालमध्ये 0.5, निळ्यात 0.6. इतर कंपन्यांचे रंग वेगळे, म्हणून आकडा बघा. ब्रश किंचित अडत, पण जोर न लावता आत गेला पाहिजे. सैल असेल तर काहीच निघत नाही, घट्ट असेल तर तार वाकून तुटते आणि हिरडी सोलते. पुढच्या दातांना आणि दाढांना एकच माप सहसा चालत नाही, दोन घ्यावे लागतात. बेळगावात केएलई आणि मराठा मंडळाच्या दंत महाविद्यालयांत हिरड्यांचा विभाग आहे. खिसे मोजून घ्या, माप तिथेच विचारा.

रात्री, पेस्ट न लावता, आरशासमोर. सरळ आत घालून दोन-तीनदा मागेपुढे, मग धुवायचा. दाढांसाठी मान थोडी वाकवा. केस झडले की फेका. सुरुवातीला रक्त येईल, म्हणून थांबू नका. दोन आठवड्यांनंतरही येत असेल तर बहुधा आत दगडासारखा थर साचलेला असतो, तो ब्रशने निघत नाही. स्केलिंगच, म्हणजे दंतवैद्याकडून तो थर खरवडून काढणं, करावं लागतं.

बीपीसाठी अॅम्लोडिपिन चालू असेल आणि हिरड्या फुगून दातांवर चढत असतील, तर ते गोळीमुळेही होतं. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही मनाने बंद करू नका. हृदयात कृत्रिम झडप बसवलेली असेल, तर स्केलिंगआधी दंतवैद्याला आवर्जून सांगा. अशांना आधी अँटिबायोटिकचा एक डोस द्यावा लागतो. मोठ्या माणसांना बहुधा अॅमॉक्सिसिलिन 2 ग्रॅम, अर्धा ते एक तास आधी. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर दुसरं औषध देतात, तेव्हा तीही सांगायची.