रिग्रेशनसाठी ‘आर’ : राजापुरात दोन पावसाळे वापरल्यावर

पीएचडीसाठी मी राजापूर तालुक्यातल्या १२ वाड्यांत घरोघरी फिरून फॉर्म भरले. प्रश्न असा होता, की मुंबईचा चाकरमानी घरी पैसे धाडतो त्याने गावातल्या मुलांच्या शिक्षणावरचा खर्च किती वाढतो? आकडे रिग्रेशनसाठी, म्हणजे कशाबरोबर खर्च किती बदलतो ती रेषा काढायला, ‘डेटा ॲनालिसिस करून मिळेल’ अशी पाटी लावलेल्या एकाकडे दिले. आठवड्याने पैसे मोजून एक तक्ता हातात आला. आर-स्क्वेअर (रेषा आकड्यांशी किती जुळते त्याचं माप), ठळक निकाल दाखवणाऱ्या आकड्यांपुढच्या चांदण्या, बस्स. गाईडनी पहिलाच प्रश्न विचारला, “रेसिड्युअल बघितलेस का?” रेसिड्युअल म्हणजे खरा आकडा आणि रेषेचा अंदाज यांतला फरक. मला उत्तर देता आलं नाही.

त्याच रात्री ‘आर’ हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. फुकट आहे. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ते सुरू केलं, १.०.० ही आवृत्ती २००० साली आली. एकदा बसवलं की चालवायला नेट लागत नाही. जुलैत आमच्या गावात रेंज जाते तेव्हा लॅपटॉपची बॅटरी असेपर्यंत काम थांबत नाही, याचं मोल इथल्या माणसालाच कळेल.

मॉडेल एका ओळीत बसतं. ‘एलएम’ (लिनिअर मॉडेल) लिहायचं, कंसात शिक्षणखर्च, मग नागमोडी चिन्ह, मग मुंबईहून येणारे पैसे, जमीन, आईचं शिक्षण. पण माझे पाच तारे पुढच्या ओळीला. त्याच मॉडेलवर ‘प्लॉट’ चालवलं की एकामागून एक चार आकृत्या येतात. चौथीत सगळे ठिपके डावीकडे दाटीवाटीने आणि एकच उजव्या कोपऱ्यात, कुक डिस्टन्सच्या तुटक रेषेच्या पलीकडे. एक नोंद काढली तर उत्तर किती हलेल, त्याचं हे माप. शेजारी आकडा होता ४१. म्हणजे हे एक घर अख्खी रेषा आपल्याकडे ओढत होतं.

फॉर्म ४१ काढला. टायपिंगची चूक नव्हती. घरात आजी, धाकटा मुलगा, सून. आणि शिकणारी मुलं सहा. दुसऱ्या दिवशी त्या घरी गेले. आजी म्हणाल्या, “चूल एकच गो, बिऱ्हाडं तीन.” दोन थोरल्यांची मुलं गावीच राहत होती, पैसेही तिघांचे येत होते, आणि मी ते सगळं एका कुटुंबाच्या नावावर लिहिलं होतं. बाकीचे फॉर्म चाळले तर अशी घरं आणखीही निघाली. ४१ नुसता उडवला असता तर चूक तशीच राहिली असती. खर्च दर मुलामागे काढून मॉडेल पुन्हा चालवलं, तर पैशांचा सहगुणक, म्हणजे पैसे वाढले की खर्च किती वाढतो तो आकडा, निम्म्याच्याही खाली आला. आईच्या शिक्षणाचा जवळपास तेवढाच राहिला.

तक्ता पुरतो असं ज्यांना वाटतं त्यांनी ‘आर’मध्येच मिळणारे ॲन्सकोम्बचे १९७३चे चार आकडेसंच उघडावेत. चारही ठिकाणी रेषा तीच, ३ अधिक ०.५ एक्स, सहसंबंधही ०.८२च्या आसपास. आकृती काढली की एकात वळण दिसतं, एकात फक्त एका ठिपक्याच्या जोरावर रेषा उभी असते.

अडचणी आहेत. बटणं नाहीत, सगळं लिहून सांगावं लागतं; कॅपिटल-स्मॉल चुकलं तरी आज्ञा चालत नाही. पहिले पंधरा दिवस नेटाने काढावे लागतात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एका वाडीतली घरं एकमेकांसारखी असतात, मुलं एकाच शाळेत जातात. ‘एलएम’ प्रत्येक घर स्वतंत्र धरतं, त्यामुळे स्टँडर्ड एरर (अंदाज किती डळमळीत आहे त्याचं माप) खोटेच लहान दिसू शकतात. त्यासाठी ‘सँडविच’ हे पॅकेज वेगळं घ्यावं लागतं, आणि वाड्या १२च असल्या तर त्यावरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. आणि ज्या घरात शिक्षणाची ओढ आहे तिथलाच मुलगा जास्त पैसे पाठवत असेल, तर कारण कोणतं नि परिणाम कोणता, हे कुठलीही आज्ञा सांगत नाही.

काम बाहेर देणार असाल तर तक्त्यासोबत त्या चार आकृत्याही मागून घ्या.

माझा नवा फॉर्म आता बदललाय. ‘घरात माणसं किती’च्या आधी एक रकाना आलाय : या चुलीवर कुणाकुणाची मुलं जेवतात?