फक्त मायक्रोवेव्ह आणि व्हीगन जेवण : पीजीतल्या आठ महिन्यांचा अनुभव

मी मूळची सोलापूरची, आता पुण्यात कर्वेनगरला पीजीत राहते, एमएस्सीचं पहिलं वर्ष. आमच्या पीजीत गॅस नाही, इंडक्शन लावू देत नाहीत, पॅसेजमधे एक फ्रिज आणि 20 लिटरचा साधा सोलो मायक्रोवेव्ह आहे, 700 वॅटचा, तो आम्ही अकरा जणी वापरतो. आणि मी व्हीगन आहे, म्हणजे दूध, दही, तूप, पनीर, मध काहीच नाही. आमच्या गावाकडं गोठा होता, धार काढताना वासराला बाजूला बांधायचे आणि ते दाव्याला ओढ घेत हंबरत राहायचं, लहानपणापासून मला ते बघवायचं नाही, घर सोडल्यावर पहिलं काय केलं तर दूध सोडलं. मेसच्या काकूंना सांगून बघितलं होतं, बाई खूप चांगल्या, पण एवढ्या मुलींच्या वरणावर एकदाच तुपाची फोडणी पडते, त्यातनं माझ्यापुरतं वेगळं काय काढणार. म्हणून जुलैपासून दोन्ही वेळचं जेवण मायक्रोवेव्हवर. आता आठ महिने झालेत, तर सविस्तर लिहिते, कारण मी शोधत होते तेव्हा आपल्या जेवणाचं असं कुणी लिहिलेलं मला सापडलं नव्हतं.

पहिला महिना मी चुकीच्या दिशेनं गेले. व्हिडिओ बघून पास्ता, मग केक, टोफू, बदामाचं दूध असलं सगळं आणलं, पैसे भरपूर गेले आणि रात्री अकराला परत भूक. मग एका रविवारी पिठलं करून बघितलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला की अरे आपलं रोजचं जेवण तर आधीच व्हीगन आहे! पिठलं, मटकीची उसळ, शेंगदाण्याची आमटी, पोहे, झुणका, भाकरी, यात दूधदुभतं असतंच कुठे, वरनं तूप घालतो तेवढं सोडायचं. आणि मायक्रोवेव्हला जे जमतं ते म्हणजे वाफवणं आणि पाण्यात शिजवणं. तव्याचं, खरपूस काही जमत नाही, ते त्याच्याकडनं मागायचंच नाही. हे एकदा मान्य केलं की सगळं सोपं होतं.

पिठलं नीट सांगते कारण आठवड्यातनं तीनदा तरी करते. चार चमचे बेसन, दीड वाटी पाणी, आधी थोड्या पाण्यात बेसन फेटून गुठळ्या पूर्ण मोडायच्या, मग उरलेलं पाणी, मीठ, हळद, ठेचा. काचेचा खोल वाडगा पाहिजे, कारण उतू जातं. दोन मिनिटं फुल पॉवर, बाहेर काढून ढवळायचं, परत एक मिनिट, ढवळायचं, परत एक मिनिट. ढवळायचा कंटाळा करायचा नाही, कारण वाडग्याच्या कडेनं ते घट्ट व्हायला लागतं आणि मधे अजून पांढरं पाणीच असतं, न ढवळता सलग चार मिनिटं ठेवलं तर कडेला वडी आणि मधे कच्चं बेसन अशी गत होते. शेवटी झाकून तीन मिनिटं तसंच ठेवायचं, त्या वाफेत कच्चा वास जातो. वरनं फोडणी.

फोडणी हा खरा प्रश्न होता. नुसतं तेल मायक्रोवेव्हमधे लवकर तापतच नाही, मोहरी बिचारी तशीच पडून राहते. त्यात कांदा किंवा लसूण असं ओलं काही असलं की तापतं, आणि मग चांगलंच तापतं. सप्टेंबरमधे मी तेल आणि कांदा एका प्लास्टिकच्या डब्यात ठेवला, डब्यावर मायक्रोवेव्हला चालतो असं लिहिलेलं, पाच मिनिटांनी काढला तर तळाला खड्डे पडलेले आणि खायचं सगळं टाकून द्यावं लागलं. पाणी असलेला पदार्थ साधारण 100 अंशाच्या आसपास थांबतो, तेल त्याच्या कितीतरी पुढं जातं, म्हणून तेल असेल तर फक्त काच, प्लास्टिक अजिबात नाही. आता आईच मला फोडणी करून देते, मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता कुरकुरीत होईस्तोवर तळलेला, कोरड्या बाटलीत भरून. त्यात लसूण मुद्दाम घालत नाही, तेलात लसूण साठवणं धोक्याचं असतं. महिन्यातनं एकदा घरी जाते तेव्हा बाटली भरून आणते, फ्रिजमधे ठेवते, दोन चमचे वरनं घातले की जेवणाला घरचा वास येतो.

आणि घरनं येणारी दुसरी गोष्ट म्हणजे कडक भाकरी. सोलापूरकडच्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते, ज्वारीची किंवा बाजरीची पातळ भाकरी पूर्ण वाळवून कडक केलेली असते, पापडासारखी मोडते आणि कोरड्या डब्यात कित्येक आठवडे टिकते. फ्रिज नको, गरम करायला नको, गरम आमटीत चुरली की पाच मिनिटांत मऊ. ज्याच्याकडं तवा नाही त्याच्यासाठी यापेक्षा चांगली गोष्ट मला माहीत नाही. सोबत शेंगाचटणी असतेच. पुण्यातही मिळते आता कडक भाकरी, हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी जरूर आणून बघा.

शेंगदाणे मायक्रोवेव्हमधे फार छान भाजतात, पण एक लक्षात ठेवा, आतनं आधी जळतात. वरनं गुलाबी दिसतात आणि मोडून बघावं तर आत काळपट. एक वाटीला दोन मिनिटं, हलवायचं, एक मिनिट, हलवायचं, मग तीस तीस सेकंद, आणि दर वेळी एक दाणा मोडून आतला रंग बघायचा. हलका बदामी झाला की बाहेर काढायचं, कारण काढल्यावरही ते थोडा वेळ भाजत राहतात. सालं काढून कूट करून ठेवलं की आठवडाभर आमटीत, कोशिंबिरीत, पोह्यांवर सगळीकडं चालतं. दही नाही म्हणून कोशिंबीर अडत नाही, कूट आणि लिंबू पिळलं की झालं.

डाळीत फक्त मसूर आणि मूग. तूरडाळ मी चार वेळा करून बघितली, भिजवूनसुद्धा दाणा अख्खाच राहतो, तिला कुकरच पाहिजे. मसूरडाळ अर्धी वाटी, अर्धा तास भिजवलेली, दोन वाट्या पाणी, दोन लिटरच्या वाडग्यात. पाच मिनिटं फुल, मग बारा मिनिटं अर्ध्या पॉवरवर. अर्ध्या पॉवरवर मशीन सलग चालत नाही, घरघर सुरू होते, थांबते, परत सुरू होते, ते बिघडलेलं नसतं, आमच्याकडं नवीन मुलगी आली की दर वेळी घाबरते. भाताला एकाला दोन पाणी, पंधरा मिनिटं भिजवून, पाच मिनिटं फुल, आठ मिनिटं अर्धी, मग झाकून पाच मिनिटं हात लावायचा नाही.

मटकीला मोड आणायला डिसेंबरात त्रास झाला, दोन दिवस फडक्यात बांधून काही हालचाल नाही. मग रात्री सगळ्यांचं आवरल्यावर बंद मायक्रोवेव्हमधे गरम पाण्याचा कप आणि शेजारी मटकीचं फडकं ठेवलं, दारावर चिठ्ठी लावली, सकाळी टपोरे मोड! चिठ्ठी मात्र नक्की लावा, कुणी चुकून चालू केला तर मटकी गेली. मोड आलेली मटकी एक वाटी, दीड वाटी पाणी, नऊ दहा मिनिटांत शिजते.

राजमा मात्र कृपा करून करू नका. राजम्यात लेक्टिन असतं, तो भिजवून खळखळ उकळून पूर्ण शिजला नाही तर उलट्या, जुलाब होतात, आणि मायक्रोवेव्हमधे सगळा दाणा सारखा शिजेल याचा भरवसा नाही. राजमा मी घरी गेल्यावरच खाते.

प्रोटीनबद्दल सगळे विचारतात. सोयाचंक्स कोरडे असताना 100 ग्रॅमला साधारण 52 ग्रॅम प्रोटीन असतं, गरम पाण्यात तीन मिनिटं ठेवून दोनदा नीट पिळून घ्यायचे, नाहीतर उग्र वास राहतो, मग कांदा टोमॅटो मसाल्यात पाच मिनिटं. त्याशिवाय डाळ आणि शेंगदाणे रोज असतातच, माझी त्यात कधी अडचण झाली नाही. पण बी-12 जेवणातनं मिळत नाही, वनस्पतींमधनं ते भरवशानं मिळतच नाही, त्यामुळे व्हीगन असाल तर गोळी घ्यायलाच पाहिजे, यात टाळाटाळ करू नका. मी डॉक्टरांना विचारून सुरू केली. कॅप्सूल असेल तर कव्हर जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांपासून केलेलं, नाही ना ते विचारून घ्या, साधी गोळी बरी.

पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून फसू नका, तो शाकाहारीचा असतो, दूध त्यात चालतं. एफएसएसएआयचं, म्हणजे अन्न सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचं, व्हीगनचं वेगळं चिन्ह आहे, हिरवा व्ही आणि त्यावर पान, पण ते सगळ्यांवर नसतं, म्हणून मी मागचे बारीक अक्षरातले घटक वाचतेच. इन्स्टंट सूप, ब्रेड, तयार उपमा यात दुधाची पावडर किंवा तूप बरेचदा निघतं.

चहाला दूध नाही याचं सुरुवातीला फार वाईट वाटायचं. आता गवती चहा, आलं आणि थोडा गूळ, कपभर पाण्यात दोन मिनिटं. आलं आणि गवती चहा पाण्यात आधीच घालते, कारण नुसतं पाणी गुळगुळीत काचेच्या कपात जास्त तापवलं तर हलवल्यावर एकदम उसळतं आणि हात भाजतो.

गर्दीचं सांगायचं तर रात्री साडेआठ ते साडेनऊ रांग असते, मी पावणेआठलाच उरकते. प्रत्येक वेळी झाकण ठेवते, आणि शनिवारी लिंबाच्या फोडी घातलेलं पाणी तीन मिनिटं तापवून, दार न उघडता पाच मिनिटं ठेवून मग आतनं पुसून काढते, सगळे डाग सुटतात. तेव्हापासून माझ्या लसणाच्या वासाबद्दल कुणी बोललेलं नाही, उलट शेजारच्या खोलीतल्या दोघी आता बुधवारी माझ्याबरोबर जेवतात, एक भात लावते, दुसरी कांदा चिरते आणि मी आमटी. मागच्या बुधवारी त्यातली एक, विदर्भातली आहे, कडक भाकरी आमटीत चुरून खाल्ल्यावर म्हणाली, "अगं, पुढच्या वेळी सोलापूरवरनं माझ्यासाठी पण दोन पुडे आण." आणणार आहे, होळीला जातेच आहे घरी.