इतवारीच्या सराफा ओळीत डागी रुपया: मोडावा, विकावा की गळ्यात घालावा?

पंचम जॉर्जचा १९१८ चा रुपया, मागच्या बाजूला कडी झाळून बसवल्याचा जुना टाका, काठाला एक ठेच: म्हणजे डागी नाणं. नागपुरातल्या बऱ्याच घरांच्या देवघरात असंच एखादं नाणं सापडतं. ते घेऊन इतवारीत गेलं तर मोडीचं काम चोख होतं, फक्त हिशेब आपल्याला यायला हवा.

या रुपयाचं मूळ वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा; टंच, म्हणजे शंभरात शुद्ध चांदी किती, ९१.७. झिजून तो ११.४० च्या आसपास भरतो. चांदीच्या काउंटरवरचा काटा समया-ताटं तोलायचा असेल तर दोन दशांश दाखवत नाही, म्हणून नाणं सोन्याच्या काट्यावर ठेवायला सांगा. ११.४० गुणिले ०.९१७ म्हणजे १०.४५ ग्रॅम शुद्ध चांदी. किलोचा भाव हजाराने भागून या ग्रॅमनी गुणा, आणि घट (वितळवताना कमी होणारं म्हणून कापलं जाणारं वजन) किती धरणार ते आधीच विचारा. ‘जुनं आहे, अंदाजे धरू’ असं कानावर आलं की टंच काढून मागायचा. मात्र १९४० ते १९४५ चे रुपये खरोखरच ५० टंचाचे आहेत, तिथे वाद घालून उपयोग नाही. १९४७ चा तर निकेलचा. तो चांदीचा समजून आणणारेही भेटतात.

टंच मशीनची एक खोड आहे: ती फक्त वरचा थर वाचते. टाक्यावर किरण पडला तर आकडा खाली येतो, कारण टाक्यात तांबं-जस्त असतं. राजाच्या चेहऱ्याची स्वच्छ बाजू खाली ठेवायला लावा. उलट मुलामा दिलेलं बनावट नाणं मशीनला फसवू शकतं. त्यासाठी पाण्याची परीक्षा: काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा, दोऱ्याला बांधलेलं नाणं तळाला न टेकवता बुडवा. खरा रुपया सुमारे १.१ ग्रॅम दाखवतो, तांबं-निकेलचा १.३.

नाणेवाल्यांकडे १९१८ सारख्या ढिगाने सापडणाऱ्या सालाला टाका असला की चांदीपेक्षा फारसं जास्त मिळत नाही. १९११ चा ‘डुक्कर रुपया’ (राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसला म्हणून परत घेतलेला) किंवा १९३९ चा असेल, तर डागी असला तरी मोडीत घालू नका. १९३९ म्हणून खपवलेल्यांत १९३८ मधल्या ८ चा ९ केलेले पुष्कळ, शेवटचा आकडा भिंगाखाली पाहा.

टाका काढून देतो म्हणणाऱ्या कारागिराला नाही म्हणा. आच लागली की तांब्यामुळे नाणं काळं पडतं, मग तेजाब, मग पॉलिश, आणि राजाच्या दाढीचे केस सपाट. चिंच आणि टूथपेस्टही तेच करतात, जरा सावकाश.

पदक करायचं असेल तर भोवती चांदीची पट्टी वळवून घ्या, नाण्याला आच न लावता. टाका मागे झाकला जातो. हे काम ओळीत नीट होतं, मजुरी मात्र वजनावर नव्हे, नगावर ठरवा.

मोडीला पाचपैकी चार, पदकाला साडेतीन, नाणं म्हणून विकायला दोन.