विद्यार्थी नेटवर्कमधे सहा महिने, माझा अनुभव

सरकारी धोरणांत स्त्री-पुरुष समानता यावी म्हणून काम करणारं एक स्टुडंट नेटवर्क आहे, सहा महिने झाले मी त्यात आहे आणि मनापासून सांगते, जॉइन व्हाच. पहिल्याच सेशनला बजेटचं पान हातात दिलं, म्हणाले यातला पैसा बायकांपर्यंत कुठे पोचतो तिथे पेन्सिलने खुणा करा, मग अर्धा तास नुसतं रस्त्यांच्या खर्चावरच वाद, कारण रस्ता रुंद केला पण फुटपाथच नाही तर बाबागाडी घेऊन चालणारीने जायचं कुठून? जेंडर बजेटिंग, म्हणजे बजेटचा बायका-पुरुषांवर काय परिणाम होतो हे असं तपासणं, ऑस्ट्रेलियाने १९८४ लाच सुरू केलं हे तिथेच कळलं. १९७९ चा सीडॉ करारही (बायकांशी होणारा भेदभाव संपवण्यासाठीचा संयुक्त राष्ट्रांचा करार) वाचून घेतला. मेंटॉर मात्र चार-चार दिवस रिप्लाय देत नाहीत, हे सुधारा प्लीज. मुलगे फार कमी येतात त्याचं वाईट वाटतं, पुढच्या बॅचला भावाला घेऊनच जाणारे.