प्रोडेस की डेटर?
अ‍ॅमेझॉनमधली जंगलतोड ब्राझीलची 'इन्पे' ही अंतराळ संस्था उपग्रहांवरून दोन तऱ्हांनी मोजते. १९८८ पासूनचा प्रोडेस म्हणजे वार्षिक ताळेबंद: ऑगस्ट ते जुलै, लँडसॅटसारख्या उपग्रहांची कोरड्या हंगामातली चित्रं, आणि ६.२५ हेक्टरपेक्षा मोठी सफाचट तोड तेवढीच धरायची. २००४ साली २७,७७२ चौरस किलोमीटर जंगल तुटल्याचा आकडा याचाच. पण तो हाती येईपर्यंत झाडं केव्हाच आडवी झालेली असतात.

२००४ मध्येच आलेला डेटर जवळजवळ रोज इशारे देतो, तोड रोखणाऱ्या पथकांना वेळेत धाड घालता यावी म्हणून. चित्रं मात्र जाडीभरडी (त्यात आपल्या इस्रोच्या रिसोर्ससॅटचीही वापरली गेली आहेत), आणि ढग आले की सगळंच झाकलेलं. त्यामुळे डेटरच्या एका महिन्यावरून 'तोड घटली' म्हणणाऱ्यांवर मी तरी विसंबणार नाही. धावायचं कुठे, एवढंच त्याला विचारावं.